पट्टीच वापरा, पीओपीची पूड नको

गरोदर पोटाचा साचा आठवण म्हणून करायचाय, मूर्तीसाठी आणलेली पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) घरात आहे, ती कालवून थेट पोटावर थापली तर चालेल का, असं एका ताईंनी विचारलंय. ताई, कृपया नको. कालवलेलं प्लास्टर घट्ट होताना तापतं आणि जाड थर कातडी भाजेल इतका तापू शकतो. हाड मोडल्यावर लावतात ती प्लास्टरची पट्टी मेडिकलमध्ये मिळते, तीच घ्या. तिचे थर पातळ असतात, नुसती ऊब लागते.

माझ्या धाकट्या जावेचा साचा आम्ही जळगावला घरीच केला, नववा लागल्यावर. व्हॅसलीन भरपूर लावा, बेंबीखालच्या लवीवर तर जास्तच, नाहीतर काढताना केस ओढले जातात. वीतभर तुकडे कोमट पाण्यात बुडवून उभे-आडवे तीन थर, कडेला चौथा. पाणी गरम नको, पट्टी हातातच आवळते. वीसेक मिनिटांत साचा सुटतो.

सगळ्यात महत्त्वाचं, तिला उताणं झोपवू नका. या दिवसांत गर्भाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. उशांना टेकवून बसवा, आणि जरा जरी घाबरं झालं तरी काम तिथेच थांबवा. साचा पुन्हा करता येतो.

सासूबाई आधी ‘पोटाले नजर लागी जाई’ म्हणून लांबच होत्या. दोन दिवसांनी साचा सावलीत खडखडीत वाळला, तेव्हा त्यावर पहिली हळदीकुंकवाची बोटं त्यांनीच उमटवली. रंग आम्ही त्यानंतर दिला, ती बोटं तेवढी सोडून.