लोककथांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती किती प्रतींची असावी?

प्रश्न: आमची प्रकाशनसंस्था लहान असून आम्ही एका बोलीतील कथा सांगणाऱ्यांकडून ध्वनिमुद्रित करून छापणार आहोत. प्रती किती काढाव्यात आणि भाषा प्रमाण करावी का?

संपादक: भाषा कृपया बदलू नका. कथेचा ताल, पुनरुक्ती आणि मध्येच येणारी गाणी बोलीतच जगतात. अवघड शब्दांचे अर्थ तळटीपेत द्यावेत. प्रत्येक कथेखाली सांगणाऱ्याचे नाव, स्थळ आणि दिनांक त्याच्या संमतीने नोंदवा, कारण परंपरागत कथा कोणा एकाची नसली तरी ते विशिष्ट कथन त्या व्यक्तीचे असते. आन्ती आर्ने यांनी १९१० मध्ये मांडलेल्या आणि हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये सुधारलेल्या लोककथा-प्रकारांच्या वर्गीकरणातील क्रमांक जोडल्यास अभ्यासकांना तुलना सोपी जाते.

मुद्रक: ऑफसेटमध्ये, म्हणजे धातूच्या प्लेटा बनवून होणाऱ्या छपाईत, प्लेट आणि मांडणीचा खर्च सुरुवातीलाच होतो, म्हणून थोड्या प्रती महाग पडतात. मागणीचा अंदाज नसेल तर प्लेट न लागणारी डिजिटल छपाई करावी. ऑफसेटच निवडल्यास पृष्ठसंख्या १६ च्या पटीत ठेवा, फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पाने) वाया जात नाही.

प्रश्नकर्ता: आभार. संमतीपत्राचे काम राहिले होते, ते आधी पूर्ण करतो.