‘रिमोट ॲक्सेस’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘संमती’ की ‘परवानगी’?

अनवट: ऑफिसच्या एका सूचनेचं मराठी करतोय. आशय असा, की ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शनमधून (वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्राममधून) तंत्रज्ञाला रिमोट ॲक्सेस (दुरून आपला संगणक वापरायची मुभा) द्यायला तुमची संमती आहे. ‘दूरप्रवेश’ लिहिलं, पण तंत्रज्ञ नुसता आत येत नाही, माउस फिरवतो, फायली उघडतो.

खडूस: मग सरळ ‘ताबा’ म्हणा. “पाच मिनिटं ताबा द्या हो” असंच तर आयटीवाले फोनवर म्हणतात. वाचणारा जरा दचकेल. दचकू दे!

मायमावशी: ‘ताबा’ला माझंही मत. पण खरी अडचण ‘संमती’ची आहे. १८७२च्या करार कायद्याच्या कलम १३ प्रमाणे दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिली तर ती संमती. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातली संमती तर मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी. आता एक्स्टेन्शन टाकताना काय होतं? ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशा अर्थाची ओळ येते आणि आपण बटण दाबून मोकळे. ब्राउझरच्या लेखी ती परवानगी झाली. संमती कसली डोंबलाची!

अनवट: म्हणजे दोन्ही शब्द लागतील?

मायमावशी: हो. ब्राउझर देतो ती परवानगी, माणूस देतो ती संमती.

टंकलेखक: कशाला संमती, तेही लिहा. दुरून संगणक चालवायची गूगलची सोय, क्रोम रिमोट डेस्कटॉप, हिचंच बघा. मदत घ्यायची तर १२ अंकी कोड सांगायचा. तो एकदाच चालतो, आणि दर अर्ध्या तासाने ‘चालू ठेवू का?’ असं विचारलं जातं. पण त्यातच दुसरी सोय आहे: एकदा पिन ठरवला की समोर कुणी नसतानाही मशीन उघडतं. ही दुसरी म्हणजे थेट मुखत्यारपत्र. दोन्हींना एकच ‘ॲक्सेस’ म्हणणं मला तरी पटत नाही.

खडूस: ‘तात्पुरता ताबा’ आणि ‘कायम ताबा’. झालं.

टंकलेखक: ‘कायम’ने ती सोय बंदच करता येत नाही असं वाटेल. ‘गैरहजेरीतला ताबा’ बरं.

अनवट: मसुदा असा: “तंत्रज्ञाला या एका कामापुरता, तुमच्या समोर, संगणकाचा ताबा देण्यास तुमची संमती आहे का? ताबा कधीही काढून घेता येईल.” गैरहजेरीतल्या ताब्यासाठी वेगळा रकाना ठेवतो.

मायमावशी: त्या रकान्यात आधीच टिक नको हं.