परसातली जुनी सफरचंदाची झाडं: या हिवाळ्यात किती छाटू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेतलं. बोल्टन, स्टो, हार्वर्ड ही गावं असलेला हा पट्टा सफरचंदाचाच आहे. आमची जागाही पूर्वी एका मोठ्या बागेचा भाग होती, असं शेजारच्या आजोबांनी सांगितलं. त्या बागेतली चार झाडं परसात उरली आहेत. तीन बरीच जुनी आहेत. बुंधा दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावतो आणि उंची दुमजली घराच्या पन्हाळीपर्यंत गेली आहे. चौथं बुटकं आहे, लोखंडी खांबाला बांधलेलं.

या झाडांना कितीतरी वर्षं कुणी हात लावलेला नाही. मधोमध सरळ वर गेलेल्या, काठीसारख्या कोवळ्या फांद्यांचं रान माजलंय. आडव्या फांद्या एकमेकींवर घासतात. एक जाड फांदी पूर्ण वाळली आहे. सगळ्यांत मोठ्या झाडाच्या खोडाला मूठ आत जाईल एवढी ढोली आहे. तरीही गेल्या सप्टेंबरात त्याच झाडाला एवढी फळं लागली की फांद्या जमिनीला टेकल्या. फळं मात्र लहान, त्यांवर काळे खरबरीत डाग आणि आत अळी. बाकीच्या दोन जुन्या झाडांना जवळजवळ काहीच नव्हतं.

माझं माहेर निफाडचं, घरची द्राक्षबाग. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (घडांसाठी) बघतच मी मोठी झाले. बाबांना व्हिडिओवर झाडं दाखवली, तर ते म्हणाले, "मधलं सगळं साफ कर, काड्या दोन डोळ्यांवर (कळ्यांवर) आण, कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लाव, वर्षात झाड नवं होईल." आजोबांचं म्हणणं नेमकं उलट: "फार कापू नका, झाड चिडतं." दोघंही आयुष्यभर झाडांत राबलेली माणसं आहेत, त्यामुळे कुणाचंच बोलणं मला सहज बाजूला सारता येत नाही.

फेब्रुवारी संपत आलाय, बर्फ अजून घोटाभर आहे. कळ्या फुगण्याआधी छाटणी उरकायची असते एवढं कळलंय. या वर्षी नेमकं किती कापायचं? कुठून सुरुवात करायची? ढोलीचं झाड वाचेल का? आणि फळं एका झाडाला ओझं होईल इतकी, दुसऱ्याला शून्य, असं का? मला ही झाडं तोडायची नाहीत. मुलीनं त्यांच्याखाली खेळावं आणि आम्ही घरची सफरचंदं खावीत, एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद: पाचोळा

ताई, आधी हे सांगतो की तुमची झाडं वाचतील. तळपासून शेंड्यापर्यंत जिवंत साल आहे, फळ धरतंय, म्हणजे मूळ शाबूत आहे. मी न्यू हॅम्पशायरला राहतो. आमच्या भाड्याच्या घरामागे अशीच झाडं होती, त्यांच्यावरच शिकलो.

किती कापायचं याचं उत्तर: एका हिवाळ्यात जिवंत लाकडाचा पाव हिस्सा. तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे तर कधीच नाही. दुर्लक्षित झाड तीन वर्षांत वळणावर आणायचं असतं. आजोबा 'झाड चिडतं' म्हणतात ते खरं आहे. मुळं जुन्या डोलाऱ्याला पोसायला बसलेली असतात. डोलारा एकदम अर्धा केला की तीच सगळी ताकद उरलेल्या लाकडातून पाणसोटांच्या, म्हणजे सरळ वर धावणाऱ्या कोवळ्या फांद्यांच्या, रूपानं उसळते (संत्र्या-डाळिंबात वॉटरशूट म्हणतात तेच). आज मध्ये जे रान दिसतंय, ते बहुधा आधी कुणीतरी केलेल्या अशाच छाटणीचं फळ आहे.

पहिल्या वर्षी मेलेलं, रोगट आणि मोडकं लाकूड काढा. ते पाव हिश्श्यात धरायचं नाही, ते सगळंच जाऊ दे. मग घासणाऱ्या जोड्यांतली एकेक फांदी काढा. त्यानंतर मधल्या भागातली एखादीच मोठी फांदी, थेट तिच्या उगमापासून. पंचवीस छोटे काप घेण्यापेक्षा एक मोठा काप बरा. त्यानं उजेड एकदम आत येतो आणि झाड कमी बिथरतं. उंची कमी करायची तर शेंडे सपाट कापू नका. खाली जिथे चांगली बाहेर वळलेली फांदी फुटली असेल तिथवर या आणि तिच्या वर कापा, म्हणजे पुढची वाढ तिच्यात जाईल.

पाणसोट सगळे आत्ताच काढू नका. निम्मे काढा. उरलेले जुलै-ऑगस्टमध्ये काढले की पुन्हा तेवढ्या जोरानं येत नाहीत, कारण उन्हाळ्यात पानं गेल्यावर मुळांकडे साठा कमी जातो. दोन-तीन पाणसोट तिरपे, मोकळ्या जागेत असतील तर ठेवा, उद्याच्या फांद्या त्याच.

जाड फांदी कापताना तीन काप घ्या. खोडापासून फूटभर अंतरावर खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून आरपार. वजन गेलं की राहिलेला खुंट शेवटच्या कापात काढायचा. फांदीच्या बुडाशी सुजल्यासारखी कडा दिसते, ती कॉलर. कापायचं तिच्या बाहेरून. खुंट ठेवायचा नाही आणि कॉलरही छिलायची नाही, जखम झाकून घेणाऱ्या पेशी तिथेच असतात.

प्रतिसाद: ओलांडा

मी दिंडोरीचा, द्राक्षवालाच. तुमच्या बाबांचा सल्ला द्राक्षाला शंभर टक्के बरोबर आहे. सफरचंदाला तो का चालत नाही, हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगता येईल म्हणून लिहितोय.

द्राक्षाचा घड येतो तो छाटणीनंतर फुटलेल्या नव्या फुटीवर. म्हणून आपण काडी आखूड करतो आणि वेल तेच पुन्हा देते. सफरचंदाचं फळ मुख्यतः स्परवर येतं. स्पर म्हणजे दोन वर्षं किंवा त्याहून जुन्या लाकडावरची बोटभर लांबीची, वळ्या पडलेली, हळू वाढणारी फळकाडी. एकच स्पर कित्येक वर्षं फळ देत राहतो. फांद्या सरसकट दोन डोळ्यांवर आणल्या तर हे स्परच कचऱ्यात जातील आणि पुढची दोन-तीन वर्षं नुसती पानं बघावी लागतील.

बाबांना सूक्ष्म घडनिर्मितीचं उदाहरण द्या. खरड छाटणीनंतरच्या काडीत ऑक्टोबरचा घड आधीच ठरून गेलेला असतो, आणि त्या काळात काडीला ऊन लागलं नाही तर डोळा वांझ राहतो. सफरचंदातही पुढच्या वर्षीची फुलकळी आदल्या उन्हाळ्यात, साधारण जून-जुलैत ठरते आणि तिलाही ऊन लागतं. त्यामुळे मधला भाग मोकळा करायचा हे बाबांचं म्हणणं योग्यच आहे. फक्त 'सगळं' आणि 'एका वर्षात' हे दोन शब्द गाळायचे.

डोळे ओळखायला शिका ताई. फुलकळी गुबगुबीत, लवदार, स्परच्या टोकाला. पानाचा डोळा बारीक, टोकदार, सालीला चिकटलेला. आत्ता झाड उघडं आहे तेव्हा हे शिकायला सगळ्यांत चांगली वेळ.

प्रतिसाद: धागाकर्ती

खूप आभार दोघांचे. ओलांडा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. 'घडनिर्मिती' म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "मग या झाडाला ऊन कुठून येतं?" आणि पूर्व-पश्चिम समजून घेऊन कोणती फांदी काढायची ते स्वतःच सुचवलं.

आजोबांनी मोठं झाड 'बॉल्डविन' जातीचं असावं असं सांगितलं. बाकीच्या दोन जुन्यांची नावं त्यांना आठवत नाहीत. बोर्डो पेस्टचा प्रश्न राहिलाच. शिवाय ढोली सिमेंटनं भरावी का, असंही एकानं सुचवलंय.

प्रतिसाद: पाचोळा

बॉल्डविन असेल तर तुमच्या परसात इतिहास उभा आहे! याच राज्यात विल्मिंग्टनला १७४० च्या सुमारास हे झाड सापडलं आणि पुढे न्यू इंग्लंडचं सगळ्यांत मोठं व्यापारी सफरचंद झालं. १९३३-३४ च्या भयानक हिवाळ्यात बॉल्डविनची असंख्य झाडं मेली आणि बागवाल्यांनी त्यांच्या जागी मॅकिंटॉश लावलं.

एका वर्षी ओझं आणि एका वर्षी शून्य, ही बॉल्डविनची ओळखच आहे. फळातल्या वाढत्या बियांमधून निघणारं जिबरेलिन हे संप्रेरक पुढच्या वर्षाची फुलकळी धरू देत नाही. फळं जास्त, बिया जास्त, पुढचं वर्ष रिकामं. गेल्या वर्षी लदलं होतं म्हणजे यंदा ते झाड बहुधा विश्रांती घेईल. फूल आलं नाही म्हणून घाबरू नका. इतर दोन झाडांची पाळी उलटी असू शकते, म्हणजे यंदा त्यांच्यावर गर्दी होईल.

हे चक्र मोडायचा मार्ग विरळणी. फुलं गळल्यावर महिनाभरात, फळ सुपारीएवढं व्हायच्या आतच, प्रत्येक गुच्छात एकच फळ ठेवा आणि दोन फळांत वीतभर अंतर राखा. उशीर केला तर फळ मोठं होईल, पण पुढच्या वर्षाला उपयोग नाही, कारण कळीचा निर्णय तोवर झालेला असतो. हात धजावत नाही हे मला माहीत आहे, तरी करा. छाटणीइतकंच हे महत्त्वाचं काम आहे आणि घरगुती बागेत तेच सगळ्यात जास्त राहून जातं.

आणखी एक. बॉल्डविन त्रिगुणित (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेल्या) जातीचं आहे, त्याचे पराग दुसऱ्या झाडांच्या कामाचे नसतात. म्हणून बाकीची तिन्ही झाडं जपा, त्यांचे पराग एकमेकांना आणि बॉल्डविनलाही लागतात.

जखमेवर पेस्ट नको आणि ढोलीत सिमेंट तर मुळीच नको. अमेरिकी वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी-आडवी चिरून दाखवलं की झाड जखम भरत नाही, ती आतून भिंती घालून कोंडून टाकतं. वरचा लेप ते काम करत नाही, उलट ओल धरतो. ढोली खरवडायचीही नाही, खरवडताना त्या भिंती फुटतात. खोडाचा भक्कम लाकडी घेर उरला आहे ना, एवढं एकदा झाडांच्या जाणकाराकडून बघून घ्या, विशेषतः मुलगी खाली खेळणार असेल तर. त्या झाडावरचं वजन आधी हलकं करा. यंदाचा पाव हिस्सा तिथल्या लांब पसरलेल्या फांद्यांवरच खर्च करा.

प्रतिसाद: मातीकाम

मी या धाग्यात छाटणीबद्दल काही सांगणार नाही, वरचं उत्तम आहे. पण मुलगी झाडाखाली खेळणार आहे, म्हणून हे लिहायलाच हवं.

जुन्या बागेची जागा असेल तर माती तपासून घ्या, आणि शिसं व आर्सेनिक दोन्ही बघायला मुद्दाम सांगा. लेड आर्सेनेट हे कीटकनाशक १८९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्येच जिप्सी मॉथ या पतंगाविरुद्ध तयार झालं. नंतर कॉडलिंग मॉथसाठी, म्हणजे तुमच्या फळातल्या अळीसाठी, सफरचंदाच्या बागांत दशकानुदशकं फवारलं गेलं. डीडीटी आल्यावर ते मागे पडलं. हे धातू मातीच्या वरच्या थरात बसून राहतात, पावसानं वाहून जात नाहीत. फळात ते फारसे चढत नाहीत. काळजी आहे ती मातीत हात घालणाऱ्या लहान मुलांची, आणि त्या जमिनीत मुळे-गाजरं-मेथी लावायचा बेत असेल तर त्याची. ॲमहर्स्टला राज्य विद्यापीठाची माती प्रयोगशाळा आहे, नमुना टपालानं पाठवता येतो. निकाल येईपर्यंत झाडाखाली गवत किंवा लाकडाच्या चिपांचा थर ठेवा, उघडी माती ठेवू नका. चिपा मात्र खोडापासून वीतभर लांब, नाहीतर बर्फाखाली उंदरांसारखे व्होल येऊन साल कुरतडतात. बुटक्या झाडाला बारीक तारेची जाळी आत्ताच गुंडाळा.

प्रतिसाद: धागाकर्ती

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही वाफे करायला याच वसंतात सुरुवात करणार होतो, ते आता थांबवलंय. बर्फ वितळला की पहिलं काम नमुना पाठवण्याचं.

काळ्या डागांचं आणि अळीचं काय करू? फवारणी शक्यतो नको आहे. आणि बुटक्या झाडाचा खांब आता काढला तर चालेल का? तो गंजलाय.

प्रतिसाद: पाचोळा

खांब बदला, पण झाड मोकळं करू नका. बुटकं झाड बहुधा एम ९ सारख्या, झाड बुटकं ठेवणाऱ्या खुंटावर (कलमाच्या मुळाकडच्या भागावर) बांधलेलं असेल. त्याची मुळं ठिसूळ असतात आणि त्याला जन्मभर आधार लागतो. नवा खांब आधी ठोका, मग जुना काढा. त्याची छाटणीही वेगळी, मधला एक शेंडा सरळ ठेवून बाजूच्या फांद्या जवळजवळ आडव्या.

काळे डाग स्कॅब बुरशीचे दिसतात. ती गळलेल्या पानांत हिवाळा काढते आणि वसंतातल्या पावसात त्यातून बीजाणू उडवते. त्यामुळे बर्फ गेल्याबरोबर, कळ्या हिरव्या व्हायच्या आत, जुनी पानं झाडून उचला किंवा गवत कापायच्या यंत्रानं बारीक करा. मोकळ्या झालेल्या फांद्यांत वारा खेळला की पानं लवकर सुकतात, म्हणजे छाटणी हाच अर्धा उपाय. अळीसाठी पडलेलं फळ आठवड्यातून दोनदा उचलून नेत चला, आणि परसात कुजायला ठेवू नका. जुलैपासून चिकट लेप लावलेले लाल गोळे टांगले की ॲपल मॅगट या दुसऱ्या फळकिडीच्या माश्या त्यांना फळ समजून चिकटतात. कॉडलिंग मॉथला ते लागू नाहीत. त्यासाठी विरळणी करताना भोक पडलेलं प्रत्येक फळ आधी काढा. फवारणीशिवाय डागविरहित फळ मिळणार नाही, पण खाण्याजोगं नक्की मिळेल.

एक सावधगिरी. जूनमध्ये एखादा शेंडा जळाल्यासारखा काळा होऊन काठीच्या मुठीसारखा वाकला, तर तो फायर ब्लाइट. कोरड्या दिवशी, दिसणाऱ्या रोगाच्या फूटभर खाली जाऊन कापा आणि प्रत्येक कापानंतर सिकेटर ७० टक्के अल्कोहोलनं पुसा. तो जिवाणू आहे, हत्यारावरून पसरतो.

या शनिवार-रविवारी थंडी शून्याच्या आसपास असेल तर सुरुवात करा. फार कडाक्यात लाकूड ठिसूळ असतं. आधी वाळलेली जाड फांदी, मग थोडं मागे जाऊन झाडाभोवती एक फेरी मारा. काढायच्या फांद्यांना रंगीत फिती बांधा, बाबांना व्हिडिओवर दाखवा, आणि मगच करवत हातात घ्या. शिडीवर एकट्या चढू नका.

प्रतिसाद: धागाकर्ती

फिती आणल्या आहेत. बाबांनी शनिवारी त्यांच्याकडची संध्याकाळ मोकळी ठेवलीय. आजोबा त्यांची तिपाई शिडी घेऊन येणार आहेत. फिती बांधून झाल्यावर फोटो इथे टाकते. कापायच्या आधी एकदा बघाल का?