मदत हवी आहे: कायटोसान-मॅग्नेटाइट मण्यांची क्षमता तिसऱ्या फेरीतच निम्म्याखाली

नमस्कार मंडळी,

पाण्यातलं तांबं काढण्यासाठी कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पॉलिमर) आणि मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहाचं ऑक्साइड) यांचे मणी बनवतेय. पातळ अ‍ॅसेटिक आम्लात कायटोसान विरघळवायचं, त्यात मॅग्नेटाइटची पूड कालवायची, सुईतून थेंब थेंब सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये सोडायचं, मग ग्लुटाराल्डिहाइडने क्रॉसलिंक, म्हणजे कायटोसानच्या साखळ्या एकमेकींना जोडायच्या. मणी छान काळे, टणक होतात. चुंबक लावला की एका बाजूला गोळा होतात, गाळत बसावं लागत नाही. या सोयीसाठीच कंपोझिटकडे, म्हणजे अशा मिश्र मण्यांकडे वळले.

१०० मिली द्रावण, लिटरमागे ५० मिग्रॅ तांबं, ०.१ ग्रॅम मणी, सुरुवातीचा पीएच ५. पहिल्या फेरीअखेर लिटरमागे १२ मिग्रॅ उरलं, म्हणजे मण्यांनी ग्रॅममागे ३८ मिग्रॅ तांबं धरलं. मग ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन पुन्हा वापरले. तिसऱ्या फेरीत फक्त १७! धुतलेलं आम्ल पिवळसर दिसतं आणि मणी चुंबकाकडे पूर्वीसारखे ओढले जात नाहीत. चार महिने यात गेलेत. कृतीच चुकीची आहे की धुण्यात गडबड होतेय?

प्रतिसाद:
कृती टाकून देऊ नका. पिवळेपणा लोहाचा असणार, तुमचं मॅग्नेटाइट आम्लात विरघळतंय. थायोसायनेटचे दोन थेंब टाका, रक्तासारखा लाल रंग आला तर शंकाच नको. शिवाय आम्लाने कायटोसानच्या अमाइन गटांवर (तांबं धरणाऱ्या नायट्रोजनयुक्त जागांवर) प्रोटॉन बसतात आणि ते तांब्याच्या धन आयनांना जवळ फिरकू देत नाहीत. धुण्यासाठी पातळ ईडीटीए (धातूचे आयन घट्ट धरून ठेवणारं रसायन) वापरून बघा. नंतर मात्र भरपूर पाण्याने धुवा, मण्यांत उरलेलं ईडीटीए पुढच्या फेरीत तांबं पाण्यातच धरून ठेवतं.

मला खरा खटकतोय तो ३८चा आकडा. फेरी संपल्यावर पीएच किती होता?

धागाकर्ती:
शेवटचा पीएच कधी मोजलाच नव्हता. आज मोजला, ६.८!

प्रतिसाद:
मण्यांत अल्कली उरलीय. एवढ्या तांब्याला पीएच ६ च्या आसपासच हायड्रॉक्साइडचा साका (न विरघळणारा गाळ) धरू लागतो. तो अधिशोषण म्हणून, म्हणजे मण्यांनी धरलेलं तांबं म्हणून मोजला गेला. मणी न घालता त्याच पीएचला ब्लँक (तुलनेसाठीचा प्रयोग) लावा.

धागाकर्ती:
लावला. गाळणकागदावर फिकट निळा थर राहिला. थायोसायनेटही लाल झालं. धुवणाचं पाणी उदासीन येईपर्यंत नवे मणी धुतले, तर पहिल्याच फेरीत ग्रॅममागे २४ मिग्रॅ धरलं आणि शेवटचा पीएच ५.२. म्हणजे घट ३८ वरून नाही, २४ वरून मोजायला हवी होती. मनापासून आभार. ईडीटीएची फेरी आजच लावलीय, आकडे इथेच देते.