शक्तिमान चबुतऱ्यावर ठेवताना
लष्कराचा जुना शक्तिमान ट्रक संग्रहालयात रंगवून चबुतऱ्यावर ठेवला की वारसा जपला, हे मत पटत नाही. जर्मन एमएएन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला हा ट्रक रंगाखाली आतून सडतो. अ‍ॅक्सलखाली (चाकं जोडणाऱ्या दांड्याखाली) स्टँड द्या, नाहीतर टायर एकाच जागी दबून चिरतात. डिझेल काढा, रेडिएटरच नाही तर इंजिन ब्लॉकचं पाणीही काढा. तेच राहून जातं आणि ब्लॉक गंजतो.

संग्रहालयांचं उद्योगांशी खरं नातं सुट्या भागांतून जुळेल. जुने सील (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या), होज (रबरी नळ्या) फेकू नका. रबर मोल्डिंगवाले लघुउद्योजक नमुन्यावरून साचा करतात. साच्याचा खर्च मोठा, म्हणून अनेक संग्रहालयांनी एकत्र मागणी नोंदवावी. माप मात्र फुगलेल्या सीलचं नको, तो ज्यात बसतो त्या धातूच्या खाचेचं घ्या, नाहीतर अख्खा लॉट वाया जातो.