मूड विचारणारं ॲप आणि दुप्पट झालेलं काम

कामकरीण
परवा इथे एकांनी लिहिलं, की डिजिटल बदल जुन्या लोकांना पचत नाही म्हणून एंगेजमेंट, म्हणजे कामात मन गुंतणं, घसरतं, आणि रोज मूड विचारून बॅज देणारं ॲप हा त्यावरचा ‘शाश्वत’ उपाय. वाचल्यापासून डोकं तापलंय. कामाच्या जागच्या वागण्याचे अभ्यासक विल्यम कान यांनी १९९० मध्ये एंगेजमेंटबद्दल लिहिताना तीन गोष्टी सांगितल्या होत्या: कामात अर्थ वाटणं, मोकळं बोललं तर अंगाशी येणार नाही ही खात्री, आणि अंगात तेवढं त्राण उरणं. आमच्याकडे नवी प्रणाली आली तरी जुनी रजिस्टरं सहा महिने चालूच होती. एकच नोंद दोनदा करायची. ट्रेनिंग म्हणजे तासाभराचा व्हिडिओ, तोही जेवणाच्या सुट्टीत. त्याच आठवड्यात स्क्रीनवर प्रश्न आला, ‘आज कसं वाटतंय?’ बदल पचला नाही म्हणता, तो नीट वाढला तरी होता का?

एचआरवाली
ॲपवर राग काढणं सोपं आहे. पूर्वी रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आठवडाभर पडून असायचा, ते विसरलात? चारशे माणसं आणि आम्ही तिघी. सर्व्हे नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच ऐकलं जातं. हे मी रोज बघते.

रात्रपाळी
सर्व्हेचं नाव काढलंत म्हणून लिहितो. गुप्त म्हणे! आमच्या टीममध्ये पाच जण. फॉर्ममध्ये विभाग, वयोगट आणि किती वर्षं नोकरी हे लिहिलं की कोण बोललं ते कुणीही ओळखेल. मी मॅनेजरबद्दल खरं लिहिलं. चौथ्या दिवशी त्यांनी माझंच वाक्य मला भर मीटिंगमध्ये ऐकवलं. तेव्हापासून सगळीकडे पाचपैकी चार देतो.

एचआरवाली
हे चूकच आहे. इतक्या छोट्या गटाचे निकाल वेगळे दाखवायचेच नसतात. पण एका मॅनेजरवरून सगळ्यांना झोडपू नका.

रात्रपाळी
एकच? मायक्रोसॉफ्टच्या प्रॉडक्टिव्हिटी स्कोअरमध्ये, म्हणजे त्यांची ऑफिस-सॉफ्टवेअरं किती वापरली जातात ते मोजणाऱ्या सोयीत, कोण किती दिवस मेल पाठवतं ते नावानिशी दिसायचं. २०२० मध्ये ओरड झाली तेव्हा नावं काढली. ओरड झाली नसती तर?

एचआरवाली
ते मी बनवलेलं नाही. माझ्यावर कशाला ओरडता?

आकडेमोड
दोघंही जरा थांबा, मूळ मुद्दा राहून गेला. २००१ च्या ‘जॉब डिमांड्स-रिसोर्सेस’ मांडणीनुसार कामाचा ताण वाढला की माणूस थकतो आणि साधनं, मदत, मोकळीक कमी पडली की मन उडतं. कामकरीण यांच्याकडे दोन्ही एकदम झालं. फ्रान्सने २०१७ पासून सुट्टीच्या वेळेत फोन-मेलपासून दूर राहण्याचा हक्क कामगार कायद्यात घेतला, तो उगाच नाही.

रात्रपाळी
कायदा ठीक. पण माझं वाक्य मॅनेजरपर्यंत पोचलं कसं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

एचआरवाली
सर्व्हेत लोकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या उत्तरांची फाइल जशीच्या तशी पुढे गेली असणार. आमच्याकडेही जाते. वरून मागतात, आम्ही पाठवतो. आणि हो, नवी प्रणाली आली की जुनं रजिस्टर त्याच दिवशी बंद व्हायला हवं, हेही मान्य. पण ॲप नकोच, हे मला अजून पटलेलं नाही.

कामकरीण
ॲप नको असं मी कुठे म्हटलं? आधी ती फाइल पाठवणं थांबवा.