सर्फिंगसाठी श्रीलंकेत दोन महिने: लाटा मिळतील, पण आपलेपणाचे काय?

उलांडी:
नमस्कार. मी मालवणजवळच्या एका मच्छीमार घरातला, वय 23. सर्फिंग कर्नाटकात मुल्कीला शिकलो. 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात आमची यांत्रिक होडी किनाऱ्यावर ओढलेली असते. समोर लाटा उसळत असतात, पण नैर्ऋत्येचा वारा समुद्राकडून थेट अंगावर येऊन त्यांचा आकार मोडून टाकतो, त्यामुळे फळी घेऊन उतरण्यात अर्थ नसतो. नेमक्या त्याच दिवसांत श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर अरुगम बे येथे हंगाम भरात असतो, म्हणून यंदा ते दोन महिने तिथेच काढावेत असा विचार आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. गेल्या जानेवारीत मी त्याच देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेलिगामाला पंधरा दिवस होतो. गोरे पाहुणे मला तिथला शिक्षक समजून फळीचे भाडे विचारत आणि तिथली मुले मला पर्यटक समजून तेच भाडे दुप्पट सांगत. घरी आलो, तर वडील म्हणाले, "रोज समुद्रात जातोस आणि रिकाम्या हाताने परत येतोस." पाण्यात लाटेची वाट पाहत बसलेल्या अनोळखी लोकांत आपली जागा कशी तयार होते, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल काय?

पश्चिमवारा:
मी अरुगम बेला दोन हंगाम राहिलो आहे. तुमची निवड योग्य आहे, कारण जो नैर्ऋत्य वारा आपल्याकडे खारा होऊन येतो, तोच तिथे बेट ओलांडून जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेच्या भूगोलातला मतलई वारा म्हणा हवे तर. तो लाटेचे तोंड उभे धरून ठेवतो. दुपारी मात्र हवा फिरते, त्यामुळे पहाटे उजाडता उजाडता पाण्यात असावे.

पहिल्याच दिवशी मेन पॉइंटला, म्हणजे तिथल्या मुख्य सर्फिंगच्या जागी, जाऊ नका. ती उजवीकडे धावणारी लांब लाट खडक आणि प्रवाळावर फुटते, आणि तिथे गर्दीही असते. आठवडाभर उत्तरेला व्हिस्की पॉइंट किंवा दक्षिणेला पीनट फार्म येथे हात बसू द्यावा. लाटांचा अंदाज पाहताना नुसत्या उंचीवर भुलू नका. दोन लाटांमधले अंतर चौदा-सोळा सेकंदांचे असेल, तर ती लाट खाली दक्षिण महासागराकडच्या वादळातून हजारो किलोमीटर चालून आलेली असते, आणि दिसायला लहान असली तरी तिची ताकद निराळीच असते.

जागेविषयी एवढेच सांगतो, की फुटणाऱ्या टोकाच्या सर्वांत जवळ जो असतो, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात उडी घेतलीत, तर तुम्ही कुठले हे कोणी विचारणार नाही. लक्षात तेवढे राहाल. शेजारच्या पोत्तुविलमध्ये बहुतेक लोक तमिळ बोलणारे मुस्लिम आहेत, तेव्हा दहा-वीस तमिळ शब्द शिकून जावे.

लिस्बनकरीण:
वयाने मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. मी पोर्तुगालमध्ये एरिसेराला एकतिसाव्या वर्षी शिकायला लागले. 2011 मध्ये जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालेला हा किनारा, त्यामुळे तिथल्या लोकांना आपल्या लाटांचा अभिमान आहे आणि थोडी मालकीची भावनाही. दर शनिवारी मी एकाच ठिकाणी, एकाच वेळी उतरत असे. पाणी इतके गार असते, की बाहेर आल्यावर बधिर बोटांनी वेटसूटची चेन ओढता येत नाही. साधारण आठ महिने माझ्याशी कोणी बोलले नाही. मग एका सकाळी पांढऱ्या दाढीच्या एका काकांनी माझ्याकडे न बघताच हनुवटी समुद्राकडे उडवली. मागून येणारी लाट मी घ्यावी, असा त्याचा अर्थ होता. मी ती घेतली आणि निम्म्यात पडले, हे सांगायला हरकत नाही.

तेव्हा दोन महिन्यांत पाच किनारे पालथे घालू नकोस. एक निवड आणि रोज दिसत राहा.

कोरोमंडल:
लिस्बनकरीणताईंशी मी अर्धाच सहमत आहे. रोज दिसत राहिल्याने ओळख होते हे खरे, पण आठ महिने वाट पाहण्याची चैन नोकरी असलेल्याला परवडते. चेन्नईजवळच्या कोवलमला आणि महाबलीपुरमला कितीतरी सर्फर मच्छीमारांचीच मुले आहेत, आणि मे ते सप्टेंबर या काळात दक्षिणेकडच्या लाटा तिथेही पोहोचतात. तिथे तुम्हाला कोणी शिक्षकही समजणार नाही आणि पर्यटकही. व्हिसाचा प्रश्नच नाही, आणि ज्या आयांनी मुलांना "फळीवर वेळ घालवू नकोस" म्हणून रागे भरले असेल, त्यांच्या हातचे मासे जेवायला मिळतील.

उलांडी:
सर्वांचे मनापासून आभार. जूनमध्ये अरुगम बेला एकाच ठिकाणी राहतो आणि जुलैमध्ये कोवलमला उतरतो, असे ठरवले आहे. काल रात्री हे घरी सांगितले. वडील बराच वेळ जाळ्याची गाठ मारत राहिले आणि मग त्यांनी विचारले, की तिकडच्या होड्यांना आपल्यासारखी उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेले लाकूड, असते का. श्रीलंकेत तशा होडीला ओरुवा म्हणतात, हे मी वेलिगामाला ऐकले होते, ते सांगितले. उलांडी होडीच्या कुठल्या बाजूला बांधतात आणि सुंभाने की नायलॉनने, हे नीट पाहून फोटो पाठव, असे त्यांनी बजावले आहे.